नामशुद्धीसह शिष्यवृत्ती

सोमवार, १६ जून. सकाळी ११
प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. आपल्या ज्युनिअर कॉलेजातून यंदा बारावी पास झालेल्या गरजू मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म ऑनलाइन भरून द्यायचे आहेत. पुढच्या शिक्षणाची फी आणि वसतिगृहाचा खर्च शासन देणार. त्यासाठी एक मार्गदर्शन कक्ष काढायचा आणि त्याचा प्रमुख मी. का, तर बाकी सगळ्या शिक्षकांना कामं आहेत. त्यांना खरं म्हणजे 'विश्वास' हा शब्द वापरायचा होता. संकोचाने वापरला नसेल.

मुलं सदतीस. संकल्प: सदतीसच्या सदतीस मंजूर. दुसरा संकल्प: दुपारची झोप बंद. तिसरा: मराठीचा शिक्षक म्हणून या वहीत एकही इंग्रजी शब्द येऊ द्यायचा नाही. प्रॉमिस.

दुपारी ४
उठलो. उद्यापासून बंद.

बुधवार, १८ जून
सूचनांची पीडीएफ चाळीस पानी आहे. पहिलं पान अत्यंत बारकाईने वाचलं. त्यातच सगळं सार आलं. सूचना तिसरी: 'अर्जदाराच्या व पालकांच्या नावास श्री, श्रीमती, कुमारी इत्यादी आदरार्थी शब्द जोडू नयेत.'

इथे शंभरातले नव्व्याण्णव लोक 'श्री' आणि 'श्रीमती' वाचून पुढे गेले असते. मी 'इत्यादी'वर थांबलो. चोवीस वर्षं उपसर्ग आणि प्रत्यय शिकवतोय. 'इत्यादी'त काय काय बसतं, हे लातूरजवळच्या या मुरुडमध्ये मला नाही कळणार तर कुणाला?

आमच्या भागातली नावं म्हणजे आदराचं कोठार आहे. ज्याच्या त्याच्या मागे अप्पा, अम्मा, बाई, जी. पोर्टल हे खपवून घेणार नाही. बरं झालं वेळेवर लक्षात आलं.

गुरुवार, १९ जून
नामशुद्धीची यादी पूर्ण. वर्षाराणीचे वडील बसलिंगप्पा, ते झाले बसलिंग. वर्षाराणी झाली वर्षा. राणी ही पदवी आहे आणि संस्थानं कधीच विलीन झाली. रेवणसिद्धचा रेवण, सिद्ध ही उपाधी, ती तपश्चर्येने मिळते, त्याला मराठीत एकेचाळीस मार्क आहेत. त्याच्या आईची, धुरपताबाईंची, धुरपता. प्रियदर्शनीचे वडील लिंबाजी, त्यांचे लिंबा. बजरंगच्या नावात काही काढण्यासारखं सापडेना. पाऊण तास प्रयत्न केला, शेवटी वडिलांच्या नावातल्या अप्पावर भागवलं. वाईट वाटलं.

श्रीशैलच्या नावात तर श्री अगदी दारातच उभा होता. काढला. राहिलं शैल. शैल म्हणजे पर्वत. श्री काढल्याने पर्वताची उंची कमी होत नाही. त्याची आई गौरम्मा, तिचं अम्मा काढून गौर.

प्रियदर्शनीचं नाव मात्र मला बरंच छळत होतं. रात्री जेवताना एकदम उजेड पडला. 'प्रिय' हा पत्राचा मायना आहे! फॉर्ममध्ये मायना कशाला? दर्शनी.

मंजुश्रीने विचारलं, माझ्या नावातलंही श्री काढणार का. बायको असली म्हणून काय झालं, नियम सगळ्यांना सारखा, असं मी सांगितलं. मग ताटात नुसती भाकरी आली. भाजी इत्यादीत गेली म्हणाली.

शनिवार, २१ जून
योग दिन. पाच वाजता उठून ग्राउंडवर जायचं होतं. शवासन घरीच झालं, आठपर्यंत.

प्रियदर्शनी भेटायला आली. तिला नर्सिंगला जायचं आहे. वडील लिंबाजी गवंडीकाम करतात. ती म्हणाली, आधार कार्डावर पूर्ण नाव आहे, मग फॉर्मवर दर्शनी कसं चालेल. मुलगी हुशार आहे, पण शंकेखोर. आधार कार्डं काढणाऱ्यांचं व्याकरण कच्चं असतं, असं तिला समजावलं. तिने पीडीएफच्या अकराव्या पानावर काहीतरी लिहिलंय म्हणून सांगायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, बाळ, पाया पहिल्या पानावर असतो.

बुधवार, २५ जून
आज प्रत्यक्ष फॉर्म भरले. गर्दी नको म्हणून मुलांना लॅबच्या बाहेर उभं केलं. त्यांनी खिडकीतून ओटीपी ओरडायचे आणि मी आत टाकायचे. चांगली सिस्टीम बसली होती. दोनदा कुणाचा ओटीपी कुणाला लागला, पण एकूण वातावरण उत्साहाचं.

तीननंतर डोळे मिटायला लागले. झोप बंद केल्याचा परिणाम. (काल बंद केली.) एका फॉर्मवर आलो: शैल. ही कोण ते आठवेना. आईचं नाव गौर. चांगल्या घरची दिसते. लिंगाच्या रकान्यात स्त्री केलं आणि पुढे गेलो. पुढे वसतिगृह हवे का, असं होतं. मुलीच्या सुरक्षिततेचा प्रश्न. हो केलं.

शनिवार, २८ जून
सदतीसच्या सदतीस सबमिट. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. प्राचार्य म्हणाले, मंजूर झाल्यावर वाटायचे ना. त्यांचा स्वभाव जरा निराशावादीच.

जिल्ह्याच्या आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी प्रस्ताव ऑगस्टमध्ये जातात. घाई नाही, पण भाषणाचा कच्चा मसुदा करून ठेवला. सुरुवात 'मी केवळ निमित्तमात्र' अशी. मग पावणेदोन पानं माझ्याविषयी.

बुधवार, २ जुलै
आज श्रीशैलच्या आईच्या दुकानावरून गेलो. दुकान कसलं, एसटी स्टँडच्या मागे पत्र्याखाली टेबल. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. बाई मूळच्या उदगीरकडच्या, मधेच कानडी बोलतात. नवरा वारल्यापासून एकटीनेच चालवतात. श्रीशैलला नांदेडला इंजिनिअरिंगची सीट मिळाली आहे. शिष्यवृत्ती झाली तर तो जाईल. नाही झाली तर लातूरच्या एका कापड दुकानात बोलून ठेवलंय, एक ऑगस्टपासून काउंटरला उभा राहील. बाई एवढंच म्हणाल्या, की सर, तुमच्या हातात हाय. मी म्हटलं, निश्चिंत राहा. माझ्या हातात असल्यावर काळजी कसली?

चटणी लई छान होती. घरी पण दिली बांधून.

गुरुवार, १० जुलै. गुरुपौर्णिमा
सकाळी नवा शर्ट घातला. मुलं पाया पडायला येणार म्हणून पाट मांडला. दुपारी बारापर्यंत कुणी नाही. बहुतेक मला त्रास नको म्हणून.

१२.४०. आता कळलं. पहिली यादी लागली. छत्तीस फॉर्म परत. कारण: नाव जुळत नाही.

पण एक मंजूर! शैल. मुलींच्या वसतिगृह भत्त्यासह. हे एकच नाव कसं जुळलं, ते पोर्टललाच ठाऊक. खातं उघडलं. सुरुवातीला एवढंच हवं असतं.

१.१५. शैल भेटायला आली. म्हणजे आला. माझ्यासमोर उभा राहून श्रीशैल म्हणाला, "सर, ती शैल मीच हाव."

मी काही वेळ पीडीएफ उघडून बसलो. मग म्हटलं, हे बघ, बाकी छत्तीसांपेक्षा तुझी स्थिती कितीतरी मजबूत आहे. मंजूर झालंय. लिंग ही तांत्रिक बाब आहे. तो चपला घालून निघून गेला. मुलांमध्ये सकारात्मक दृष्टीच राहिली नाही.

शुक्रवार, ११ जुलै
नांदेडच्या मुलींच्या वसतिगृहातून मॅडमचा फोन आला. शैल कधी येणार, सोबत बादली आणेल का. मी घाबरून हो म्हणालो. त्यांनी विचारलं, मुलगी शाकाहारी आहे का. तेही हो म्हणालो. निदान हे एक उत्तर तरी खरं होतं.

शनिवार, १२ जुलै
पालकसभा. मी बोलावली नव्हती, तरी झाली.

बसलिंगप्पांचं मुरुडमध्ये किराणा दुकान आहे, आवाज मोठा. त्यांनी यादी वाचून दाखवली आणि मला म्हणाले, "आजपासून मी तुमाला नुस्तं उमाशंकर म्हणू का? सर बी इत्यादीतच आलं की." सगळे हसले. मीही हसलो. प्रमुखाने खिलाडू असावं.

लिंबाजी मागे उभे होते. त्यांना म्हटलं, तुमचा जी गेला त्याबद्दल दिलगीर आहे. ते शांतपणे म्हणाले, "गावात समदे लिंब्याच म्हणत्यात, सर. कागदावर तेवढा जी होता."

मी लगेच चहा मागवला.

मग गौरम्मा पुढे आल्या. पदराला पीठ लागलेलं. हातात फॉर्मची प्रिंट. गौर या शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, "अम्मा म्हंजे आई, सर. तुमी नावातली आईच काढली. मग ह्या पोराची मी कोण?"

व्याकरणात याचं उत्तर आहे. पण ते दिलं नाही. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही म्हणून लिहितो: मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुरुस्तीची मुदत ३१ जुलै. फॉर्म पोर्टलवर दुरुस्त करायचे आणि प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र, मूळ कागदपत्रं घेऊन नांदेडच्या कार्यालयात तपासून घ्यायचे. त्यानंतर अर्ज रद्द. संकल्प: सगळे फॉर्म मी स्वतः दुरुस्त करणार. एकट्याने. झोप कायमची बंद.

मंगळवार, १५ जुलै
दुरुस्ती सुरू. यावेळी कुणाच्याही भावना दुखावता कामा नयेत, हे धोरण. त्यामुळे आदर सढळ हाताने लावला. श्री. श्रीशैलप्पा. सौ. धुरपताबाईजी. बजरंगवर मागच्या वेळी अन्याय झाला होता, त्याला बजरंगराव केलं. प्रियदर्शनीच्या आधी परमप्रिय लावावं का, या विचारात असताना प्राचार्य मागे येऊन उभे राहिले.

संध्याकाळी कळलं, की पोर्टलचा पासवर्ड बदलला आहे. सुरक्षेच्या कारणास्तव. नवा पासवर्ड मला सांगता येत नाही, तोही सुरक्षेच्याच कारणास्तव. मला त्याऐवजी 'शिष्यवृत्ती: एक चिंतन' असा अहवाल लिहायला दिला आहे. म्हणजे आता मी फॉर्म भरणाऱ्यांतला राहिलो नाही, धोरण ठरवणाऱ्यांत गेलो.

शुक्रवार, १८ जुलै
चिंतन चालू आहे. ते आडवं पडून जास्त चांगलं होतं.

दुपारी घरी मुलं येतात. मंजुश्रीकडे. प्रियदर्शनी, वर्षाराणी, श्रीशैल, आणखी चार-पाच जण. लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसतात आणि दार लावून घेतात. विचारलं तर म्हणाली, रुखवत करायला शिकवते आहे. श्रीशैल रुखवत शिकतोय म्हटल्यावर त्याचं मी विशेष कौतुक केलं. पोराने परिस्थिती स्वीकारली.

मंगळवार, २२ जुलै
झोपेत स्वयंपाकघरातून मंजुश्रीचा आवाज ऐकू आला. "गौरम्मा. एम दोनदा." रुखवतात गौर असतेच. दोन गौरी मांडणार असतील. कूस बदलली.

शनिवार, २६ जुलै
पासवर्ड मागितला. अजून सुरक्षा चालू आहे. मुदतीला पाच दिवस. प्राचार्यांना काळजी दिसत नाही. प्रियदर्शनीला विचारलं तर ती म्हणाली, होईल सर, तुम्ही आराम करा. माझ्याशी बोलताना मुलं हल्ली हळू आवाजात बोलतात. आजारी माणसाशी बोलल्यासारखं.

कापड दुकानाच्या मालकाने श्रीशैलला एक तारखेला सकाळी नऊला बोलावलंय म्हणे. हे ऐकल्यापासून जेवण जात नाही. म्हणजे एक भाकरी कमी गेली. तो पोरगा काउंटरला उभा राहून मला शर्टाचं कापड दाखवतोय, असं सारखं डोळ्यासमोर येतं.

ठरलं. कुणालाही न सांगता नांदेडला जायचं. साहेबांना स्वतः भेटायचं. चोवीस वर्षांची सर्व्हिस आणि वाणीचं सामर्थ्य.

बुधवार, ३० जुलै. सकाळी ६
निघतोय. मंजुश्रीला सांगितलं नाही, कारण ती पहाटेच गेली. माहेरी लातूरला काम आहे म्हणाली. सोबत एवढी मोठी पिशवी कशाला, विचारलं. जुनी रद्दी म्हणाली.

लातूरहून रेल्वेने जातो. बसमध्ये धक्के बसतात, भाषण पाठ होत नाही. साहेबांपुढे म्हणायचं वाक्य तयार आहे: 'महोदय, चूक माझी आहे, भविष्य त्यांचं आहे.' हे वाक्य पुरस्काराच्या भाषणातही चालेल.

दुपारी ३.३०, मुदखेड
जाग आली तेव्हा बाहेर मुदखेड अशी पाटी होती. आधी वाटलं, नांदेडच्या अलीकडचं एखादं स्टेशन. समोरच्या काकांनी सांगितलं, नांदेड मागे गेलं. तिथे अर्धा डबा तुमच्या पायावरून उतरला, तरी तुम्ही उठला नाहीत. वर म्हणाले, झोप असावी तर अशी.

परतीच्या गाडीला वेळ आहे. भजी खाल्ली. भजी चांगली होती, पण गोड लागली नाहीत.

संध्याकाळी ६.३०, नांदेड
ऑटोवाल्याला म्हटलं, घाल जोरात. त्याने घातली. कार्यालयाला कुलूप.

पायरीवर बसलो. भाषण आठवून बघितलं, ते आठवेना. उद्या शेवटचा दिवस. माझ्या हातात ना पत्र, ना कागदपत्रं, ना पासवर्ड. हे मुरुडहून निघताना कसं लक्षात आलं नाही? मी साहेबांपुढे जाऊन नुसता उभाच राहणार होतो. 'इत्यादी' या एका शब्दापायी सदतीस घरं मी टांगून ठेवली. शाब्बास, उमाशंकर.

गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवलो. शेजारच्या सरदारजींनी न मागता आणखी एक पोळी वाढली. डोळ्यांत पाणी आलं. लोणचं तिखट होतं.

गुरुवार, ३१ जुलै. सकाळी १०.३०
कार्यालय उघडल्या उघडल्या आत. मुरुड म्हणताच टेबलावरच्या बाई हसल्या. म्हणाल्या, तुमचं काल दुपारीच झालं की. सदतीसच्या सदतीस. एक मॅडम आल्या होत्या, पिशवीभर कागद, सगळे नंबर लावून. सोबत आठ-दहा पोरं आणि कडक भाकरीवाल्या एक मावशी. सगळ्या ऑफिसला चटणी मिळाली.

खुर्ची मागून घेऊन बसलो. सुटलो. श्रीशैल सुटला.

दुपारी १, परतीची बस (रेल्वे नको)
आता शांतपणे विचार केला. मी येतोय ही बातमी वरपर्यंत पोचली असणार. त्याशिवाय सरकारी काम एका दुपारीत होत नाही. त्या मॅडम बहुधा खात्यानेच नेमलेल्या. नाव विचारायचं राहिलं.

शनिवार, २ ऑगस्ट
सदतीसपैकी सदतीस! पहिला संकल्प शब्दशः खरा झाला. प्राचार्यांना पुरस्काराच्या प्रस्तावाची आठवण करून दिली. त्यांनी समोरची फाइल बंद केली. मग म्हणाले, यंदा नको. कक्ष बंद करतोय म्हणाले. यशस्वी झालेली गोष्ट शिखरावर असतानाच थांबवावी, हे मलाही पटलं.

घरी मंजुश्रीला सगळी हकिगत सांगितली. मुदखेड थोडक्यात. तिने नीट ऐकून घेतलं आणि भाजी दोनदा वाढली.

रविवार, १७ ऑगस्ट. संध्याकाळी ७
श्रीशैलचा फोन आला. नांदेडहून, मुलांच्या वसतिगृहातून. मंजुश्रीच्या मोबाइलवर आला, पण ती भाकऱ्या थापत होती, हात पिठात, म्हणून मीच उचलला. हॅलो म्हणायच्या आत तो म्हणाला, काकू. मला वाटलं, चुकून म्हणाला. आवाज कमावून म्हणणार होतो, बोल बाळ, तुझे सरच बोलतायत. आभाराचं चार माणसांत ऐकावं म्हणून स्पीकर लावला. घरात चार माणसं नव्हती, मंजुश्री होती. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याआधी म्हणाली, हं, बोल श्रीशैल.

तो बोलत सुटला. भत्ता जमा झाला, मेस चांगली आहे, प्रियदर्शनी परवा भेटली, तिचंही कॉलेज सुरू झालं. म्हणाला, काकू, तुमी त्या दुपारी बसून सगळं दुरुस्त केलं नसतं तर मी आज दुकानात कापडाचे गठ्ठे उचलत राहिलो असतो. नांदेडच्या ऑफिसात तुमी कशा बोलल्या, ते आई अजून दुकानावर सगळ्यांना सांगते.

मी फोन धरून उभा. पिशवीतली रद्दी. प्राचार्यांनी मला सोडून तिला दिलेला पासवर्ड. रुखवत. एम दोनदा. सगळं ओळीने समोर आलं. माझ्याच घरात, मी बाजूच्या खोलीत झोपलेलो असताना. लाज वाटली. आणि हेही लिहितो, की मंजुश्रीचा अभिमान वाटला. दोन्ही एकदम.

फोन बंद करावा म्हटलं, तेवढ्यात त्याने आवाज खाली आणला.

"काकू, माझी बहीण रेणुका यंदा बारावीला हाय. तिचा फॉर्म तुमीच बघा. पण सरांना कळू देऊ नका. लई चांगला माणूस हाय, मनाला लावून घेतील."

मंजुश्रीचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं. काय उत्तर देऊ, असं ती डोळ्यांनीच विचारत होती. तव्यावर भाकरी फुगली होती आणि फोन माझ्याच हातात होता.

मी मान हलवून तिला खूण केली, की सांग त्याला, सरांना नाही कळणार.